बाद

उद्यमनगरात एकतीस वर्षं लेथवर.
उजव्या डोळ्यात बिडाचा कीस उडाला तेव्हा
रायगोंडा म्हणाला होता, एक तरी राहिला की.
त्या राहिलेल्यात आता मोतीबिंदू उतरतोय.
म्हणून नळीला डोळा लावायची दुर्बीण मी घेतलीच नाही.
घेतली ही,
अडीच किलोची, चटणीच्या डब्याएवढी,
हप्त्यावर.
पोरगी म्हणाली, "आप्पा, हिला डोळा लागत नाही."
म्हटलं, मग आमचं जमलं.

कसबा बावड्यात गच्ची म्हणजे
तीन टाक्या, एक गंजकी डिश, कुणाची तरी विसरलेली धुणी.
तिपाईखाली मी लेव्हल धरतो, वर्कशॉपमधली,
बुडबुडा मध्यावर येईस्तोवर पत्र्याचे तुकडे सारत बसतो.
एका सुताचा फरक चालत नाही मला.
सुतावरून स्वर्ग म्हणतात,
आमच्यात सुतं आठ भरतात एका इंचात.

मग ती गुरगुरते, मान वळवते,
दोनचार तारे बघून स्वतःच ओळखते
आपण बावड्यात आहोत.
मला ओळखायला या गल्लीला सहा वर्षं लागली.

देवयानी.
पहिल्या दहा सेकंदांत मोबाईलवर नुसता रवा सांडलेला.
दुसरी फ्रेम पहिलीवर. तिसरी त्यावर.
रवा हळूहळू बसत जातो,
ढवळलेली घागर तासाभरानं निवळावी तसा.
चाळिसाव्या फ्रेमला मधोमध एक डाग.
पुसायला बोट गेलं माझं.
डाग गेला नाही.

तेवढ्यात दस्तगीर मुजावरच्या टाकीवरचा एलईडी.
"दस्तगीर, घालव की जरा."
घालवतो, आणि मफलर गुंडाळत कठड्यावरून इकडंच येतो.
"मोबाईलवरच बघायचं, तर ह्याच्याहून झ्याक फोटू
फुकट मिळत्यात की रं."
मिळतात.
"त्यातला उजेड दुसऱ्याच्या गच्चीवर पडलेला," मी म्हणालो.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग खिशातनं मूठभर शेंगा काढून माझ्या हातावर ठेवल्या.

हंगाम चालू आहे.
आठच्या सुमाराला उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे निघतात,
टेप मोठ्यानं, गच्ची तळव्यांना कळेल इतकी थरथरते,
बुडबुडा सरकतो.
यंत्र म्हणतं, फ्रेम बाद.
वरून चिपाडाची काळी राख उतरते भिंगावर.
फुंकर मारायची, पुसायचं नाही.

रात्री हिशोब.
घेतल्या दोनशे शहात्तर, बाद एकसष्ट.
वर्कशॉपमध्ये बाद मालाचा डबा मी रोज सुटताना उलथायचो.
चांगला माल काही सांगत नाही,
हात कुठं घसरला ते डब्यात कळतं.
सवयीनं हाही उलथला.

आठ वाजून चार मिनिटं.
एकही तारा ठिपका नाही, प्रत्येक नागमोडी,
गोधडीच्या टाक्यासारखा,
आणि सगळ्यांची नागमोड एकच.
मधला डागही तसाच.
पंचवीस लाख वर्षं तो उजेड नीट चालत आला,
वाटेत कुणी अडवला नाही,
आणि शेवटच्या दहा सेकंदांत बावड्याच्या ट्रॅक्टरनं
त्याला गदागदा हलवलं.
उजेड नाही म्हणा. हललो आम्ही.
मी, टाक्या, शेंगा, दस्तगीर,
आमची सही पडली त्यावर, एकाच वेळी.

दोनशे पंधरांची बेरीज पोरीला पाठवली, पुण्याला.
तिनं अंगठा दाखवला.

ही एकटी दस्तगीरला पाठवली.
खाली लिहिलं, तू पण आहेस ह्यात.
पावणेबाराला त्याचा निरोप:
"ट्रॉली कुणाची हुती?"